कुंदाच्या कमरेची गोफण

अगं ए कुंदे, ये इकडे. अशी लांब उभी राहू नकोस, जवळ येऊन बस. तुझी ती प्लास्टिकची खुर्ची ओढून घे आणि नीट ऐक, कारण आज मी तुला चांगली रागावणार आहे. रविवारी सकाळी मैदानावर बोलवायचं आणि आपणच यायचं नाही, हे काय वागणं झालं? जन्मभर हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जहाजांचे हिशेब सांभाळलेली बाई तू. मला जरा उशीर झाला की मनगटावरचं घड्याळ नाकासमोर धरायचीस. आणि त्या दिवशी मी कपडे वाळत घालायच्या बांबूवर पाव टोचून, इथे परदेशात, हौगांगच्या भर मैदानात, तुझी वाट बघत उभी. येणारेजाणारे बघतायत. कुत्री फिरवायला आलेले थांबून बघतायत. मेल्याहून मेल्यासारखं होत होतं मला. आणि मेलीस मात्र तू.

बूट घालता घालता गेलीस, असं तुझी लेक मुक्ता म्हणाली. एक घातलेला, एक हातात. कपाळाला पट्ट्यासारखी एक गोफण, कमरेला दुसरी. म्हणजे निघालीच होतीस. मी उगाच मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पण खरं सांगू का, रागावायला बसले आणि लाजच वर येतेय. तू गेल्यापासून माझ्या हातून जे झालंय ते तुला कुणी सांगितलं नसेल. कुणाला माहीतच नाही, तर सांगणार कोण? तेव्हा मीच सांगते. मधे बोलू नकोस. तुला मधे बोलायची फार खोड.

तुला नेलं त्या दिवशी आपले सगळे आले होते. आपल्या मराठी मंडळातल्या बायका, माझा मुलगा, त्याच्या ऑफिसातले दोघंतिघं. मुक्तानं तुला ती मोरपंखी साडी नेसवली होती, पण कमरेची दोरी काही सोडली नव्हती. म्हणाली, आईनं स्वतः बांधली होती, राहू दे. गुरुजींचं लक्ष गेलं. बरोबरच आहे, मोरपंखी साडीवर सुतळीची विणलेली दोरी, मधे तो तळहाताएवढा पट्टा. ते म्हणाले, "हे काय आहे? व्रताचं सूत्र आहे का?" मुक्ता माझ्याकडे वळली. "इंदूमावशी, तुम्हाला माहीत असेल. आई रविवारी काही न खाता घराबाहेर पडायची. व्रत होतं का काही?"

कुंदे, एवढंच म्हणायचं होतं की ही गोफण आहे, मीच विणून दिली. पण सगळे बघत होते गं. मुलगा बघत होता. त्याच्या ऑफिसातली ती दिल्लीची मुलगी बघत होती. आणि मी म्हणाले, "हो. व्रतच होतं."

गुरुजी म्हणाले, "मग असू दे अंगावर." आणि तू गेलीस. सत्यनारायणाला बोलावलं तर "मला प्रसादाच्या वेळेला बोलवा" असं तोंडावर सांगणारी तू, व्रतस्थ बाई होऊन गेलीस. बाहेर मंडळातल्या बायका डोळे पुसत म्हणत होत्या, "शेवटी शेवटी वळल्या हं कुंदाताई देवाकडे." मी मान हलवली. नुसती उभी राहिले असते तरी चाललं असतं. पण नाही, मान हलवली.

आता जे हे वाचतील त्यांना वाटेल, म्हाताऱ्या बाईच्या कमरेला गोफण कशाला? तर ते तुझ्या रोमन लोकांमुळे. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, तू रोमन सैन्यात भरती झालीस. लायब्ररीतून जाडजाड पुस्तकं आणायचीस आणि आपल्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मांडवात, कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप बाजूला सारून मला वाचून दाखवायचीस. मला तेव्हा वाटायचं, रोमन म्हणजे ते तांबड्या तुऱ्याचे, ढाल घेऊन ओळीनं चालणारे. तू हात झटकलेस. "ते सोड. ते सगळे एका साच्याचे. मला आवडतात ते त्यांनी बाहेरून आणलेले. साहाय्यक पलटणीतले."

मग तुझी सुरुवात व्हायची. सीरियाचे तिरंदाज. आफ्रिकेतले ते घोडेस्वार, ज्यांना लगाम लागायचाच नाही. ऱ्हाईन नदीच्या मुखाकडचे बटावी, जे हत्यारांसकट, घोड्याबरोबर नदी पोहून जायचे. "म्हणजे बघ इंदू," तू म्हणायचीस, "एवढं मोठं साम्राज्य, रस्ते काय, पूल काय. पण पोहणारा हवा तर नदीकाठच्या आईच्याच पोटचा हवा. ते काही रोममध्ये शिकवता येत नव्हतं." मी म्हणायचे, "मग पगार जास्त द्यायचे का त्यांना?" तू म्हणायचीस, "कुठला! कमीच." मी म्हणायचे, "बघ." आणि आपलं भांडण सुरू. शेजारच्या टेबलावरचा चिनी म्हातारा चॉपस्टिक खाली ठेवून बघत बसायचा.

आणि मग एक दिवस तू बॅलेअरिक बेटांवरच्या लोकांचं वाचलंस. स्पेनजवळची बेटं. तिथले गोफणवाले. एक गोफण डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. लांब मारायची वेगळी, जवळ मारायची वेगळी. आणि त्यांच्या आया म्हणे उंच काठीवर पाव टोचून ठेवायच्या, गोफणीचा गुंडा मारून पाव पाडला तरच पोराला खायला मिळायचं. नाही लागला तर उपाशी.

मी एकदम बोलून गेले, "आमची आई बरी म्हणायची. ती भाकरी आधी द्यायची."

तू पुस्तक मिटलंस. "म्हणजे?"

म्हणजे काय सांगायचं? बार्शीकडे ज्वारी हुरड्यात आली की आम्ही पोरी माळ्यावर उभ्या. शेतात चार खांबांवर बांधलेला माळा. हातात गोफण, पायाशी मातीचे वाळवलेले गुंडे. पाखरांचा थवा उतरला की गरगरा फिरवून सोडायची, फट्ट असा आवाज, आणि सोबत हाऽऽ हाऽऽ अशी आरोळी. मारायचं कमी, हाकलायचं जास्त. अंबाडीच्या सालीचा धागा, वाख, काढून गोफण विणायलाही मला यायची. एवढंच. आणि मग पुण्यात दिलं. सासूबाई पहिल्याच दिवाळीला पाहुण्यांसमोर हसून म्हणाल्या होत्या, "आमची सून पाखरं हाकायला फार हुशार." सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर गोफण हा शब्द माझ्या तोंडून गेला नाही. नवऱ्याला माहीत नव्हतं, मुलाला माहीत नाही. तुला सांगताना मी आवाज खाली केला होता, तर तू टेबलावर हात आपटून ओरडलीस, "अगं, तू बॅलेअरिक आहेस!" कोपीवाला दचकला.

त्या दिवसापासून तू मला सोडलं नाहीस. मॉलमधून सुतळीचं बंडल आणलंस. मी विणायला बसले तर बोटं आपोआप चालायला लागली, मधला पट्टा भरताना तर मी बघतही नव्हते. फेकणं मात्र गेलं होतं. खांदा वर जाईना. तू शिकलीस आणि तूच पुढे गेलीस. मी मागून सांगायचे, "कोपर नको, मनगट", तू म्हणायचीस, "कळलं गं, सेनापती."

गुंडे म्हणून जुन्या मोज्यांचे गोळे. लोकांना लागायला नको, इथले नियम कडक. आणि त्यावर मार्करनं लिहायचं, ही तुझीच अक्कल. ते रोमन काळातले लोक शिशाच्या गुंड्यांवर शत्रूला उद्देशून शिव्या कोरायचे म्हणे. तू तुझ्या जुन्या साहेबाला लिहायचीस, "रजा देता का आता?" आणि भिरकवायचीस. मी लिहायचे नाही काही. तू म्हणायचीस, "तुझ्या सासूला लिही." मी म्हणायचे, "गप."

नेहमी ताइ-ची करणारा तो अंकल एकदा जवळ आला. "आंटी, धिस वन व्हॉट स्पोर्ट?" तू कपाळाला गोफण बांधलेली, घाम गळतोय, म्हणालीस, "रोमन आर्मी." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "वाह, आंटी ऑल्सो रिझर्व्हिस्ट!" आणि राखीव फौजेतल्या जवानासारखा सलाम ठोकून गेला. तू गवतावर बसून हसलीस. मी मात्र पिशवीत गोफण कोंबत होते. कारण पलीकडे रिया उभी होती, माझी नात, तिच्या मैत्रिणींबरोबर. संध्याकाळी म्हणालीच, "आजी, सो पाइसे लाह! माय फ्रेंड्स ऑल सॉ." पाइसे म्हणजे इथल्या बोलीत लाज वाटणं. मी तिला म्हणाले, "मी नव्हते फेकत, कुंदाआजी फेकत होती." खरंच होतं म्हणा. पण खरं बोलूनही मला बरं वाटलं नाही.

पाव बांबूवर टोचायचं तू मनावर घेतलंस ते तर जगावेगळं. रविवारी चहासुद्धा न घेता यायचीस. पाव पडला की तिथेच गवतावर बसून नारळाचा काया जॅम लावून खायचीस. नाही पडला तर अकरा वाजेपर्यंत उपाशी. मी म्हणायचे, "अगं साखर आहे तुला, चक्कर येईल." तू म्हणायचीस, "त्यांच्या आया ऐकायच्या का?" मी डब्यात उपमा आणायचे, तू झाकण उघडू द्यायची नाहीस. तेव्हा मला ते पोरखेळ वाटायचं. आता वाटतं, डबा जबरदस्तीनं उघडायला हवा होता का? डॉक्टर म्हणाले हृदय होतं, त्याचा आणि उपाशीपणाचा संबंध नाही. मुक्तानं मला दोनदा सांगितलं. तरी सांगते तुला, उपमा केला की हात थांबतो.

आणि आपलं शेवटचं भांडण. ते तर अर्धंच राहिलं. शनिवारी तू सांगत होतीस, पंचवीस वर्षं नोकरी केली की त्या साहाय्यक सैनिकांना नागरिकत्व मिळायचं. काशाच्या पत्र्यावर कोरून. त्यांच्या मुलांनाही. तुझा चेहरा फुलला होता, कारण तुलाही इथलं नागरिकत्व तसंच मिळालं होतं ना. मी कोपी ढवळत म्हणाले, "मग पोरांची नावं रोमन झाली असतील. पोरं लॅटिन बोलली असतील. गोफण फिरवली असेल का कुणी? नदी पोहली असेल? आपलंही तेच. मुलांना राहायचे पास मिळाले, मग कायमचं पीआर मिळालं, रिया मला इंग्रजीत उत्तर देते. आपण साम्राज्याच्या कामाला आलो आणि हातातलं गेलं."

तू म्हणालीस, "गेलं कुठे? तुझं तर हातातच होतं. तू लपवलंस."

मी म्हणाले, "तुला बोलायला काय जातं. तू पुण्याच्या बँकवाल्यांची मुलगी. तुला गोफण म्हणजे मजा. मला कुणी माळ्यावरची म्हटलं की अजून मी विषय बदलते."

तू कप बाजूला सारलास. मग म्हणालीस, "ते लोक लाजले असते तर रोमला त्यांचं नावही कळलं नसतं." मी उठले. कोपी तशीच टाकून. तू मागून ओरडलीस, "उद्या मैदानावर बोलू! पाव तू आण!"

पाव मी आणला, कुंदे. तू आली नाहीस. उत्तर माझ्या तोंडात तसंच आहे.

आता पुढचं ऐक, हे सगळ्यात वाईट. आठवड्यानं मुक्ता घरी आली. वन-नॉर्थच्या ऑफिसातून थेट, गळ्यात कार्ड तसंच. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, आईचं व्रत अर्धं राहिलं. त्याचं उद्यापन मी करते. मी आईचं कधी काही ऐकलं नाही, एवढं तरी करते. कुठल्या देवाचं होतं? काय वाचायचं असतं? जेवायला किती जणींना बोलवायचं?"

आणि मी काय केलं सांगू? मी तोंड उघडलं आणि सांगायला लागले. "गूळ लागतो," म्हणाले. पुढे काय लागतं ते सुचेना. स्वयंपाकघरात सून भांडी विसळत होती, तिचे कान इकडे. मुक्ता फोनवर लिहून घेत होती, गूळ. तेव्हा मला माझीच किळस आली. मी म्हणाले, "असं कर. रविवारी सकाळी मैदानावर ये. काही खाऊन येऊ नकोस. तिथेच असतं ते." पाहिलंस? तेव्हाही खरं सांगितलं नाही. पुढे ढकललं.

रविवारी मुक्ता आली. तुझी ती जांभळी रेशमी साडी नेसून, हौगांगच्या मैदानात. हातात पूजेचं ताट. हळदीकुंकू, जास्वंद, मुंबईहून कुणी आणलेली अगरबत्ती. आणि हो, गूळ. समोर काय, तर बांबू रोवलेला आणि त्याच्या टोकावर पाव.

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मावशी, देव कुठे आहे?"

"देव नाही गं," मी म्हणाले. "पाव आहे."

मग सांगितलं. सगळं. ती बेटं, त्या आया, मोज्यांचे गोळे, तिच्या आईच्या कमरेला काय होतं ते. माझा आवाज इतका बारीक झाला होता की तिला दोनदा "काय?" विचारावं लागलं. सांगून झाल्यावरही ती ताट धरूनच उभी. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्या आईला सगळ्यांसमोर दुसरीच बाई करून पाठवलंत."

तसंच होतं.

"का पण?"

"लाज वाटली."

"आईची?"

"नाही गं बाई. माझी. गोफण माझी ना. तुझ्या आईनं ती कमरेला बांधली, मी जन्मभर पदराखाली झाकली."

मला वाटलं ती निघून जाईल. गेली असती तर मी काही म्हणाले नसते. तिनं ताट गवतावर ठेवलं. पदर खोचला. हात पुढे केला आणि अगदी तुझ्याच त्या वसुलीच्या आवाजात म्हणाली, "द्या इकडे."

मी पिशवीतून काढून दिली. हातातली गोफण, तुझीच, घामानं काळी पडलेली. एका टोकाचा फास तिच्या बोटात घातला, दुसरं टोक मुठीत दिलं, मधे मोज्याचा गोळा ठेवला. त्यावर तुझं अक्षर होतं, "रजा देता का आता?" मुक्तानं वाचलं आणि तिच्या तोंडून हसू आणि रडू एकदमच बाहेर आलं, कसलं काय ते मला कळलं नाही.

पहिला गोळा मागे गेला. दुसरा ड्रेनमध्ये. तिसरा ताइ-चीवाल्या अंकलच्या पायाशी. त्यानं तो उचलून आणून दिला आणि विचारलं, "युअर मदर व्हेअर?" मुक्ता म्हणाली, "पास्ड अवे, अंकल." त्यानं गोफणीकडे पाहिलं. आज सलाम केला नाही. नुसती मान वाकवली आणि बाजूला उभा राहिला, गोळे आणून द्यायला.

नाहीच लागला. ऊन चढलं. मी म्हणाले, "मुक्ते, पुरे. गूळ तरी खा." ती म्हणाली, "पाव पडला नाही ना?" आणि तशीच उपाशी गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या रविवारी. आणि मावशी, बाकीच्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार." माझ्याकडे नीट बघितलं नाही तिनं. बरोबर आहे. अजून राग आहे, आणि असू दे.

तेव्हा हे लिहायला घेतलं. तुझ्या आठवणींचा अंक मंडळ काढतंय, त्यात देणार आहे. म्हणजे मान हलवताना ज्यांनी मला पाहिलं त्या सगळ्या हे वाचतील. सून वाचेल, मुलगा वाचेल. रियाला कुणीतरी वाचून दाखवेल. ऐका सगळ्यांनी, कुंदा देवाकडे वळली नव्हती. ती रोमन सैन्यात होती, आणि तिची गोफण माळ्यावर पाखरं हाकणाऱ्या इंदूनं विणली होती. लिहिताना कान गरम झालेत माझे. तुला हसू येत असेल.

एक राहिलंच सांगायचं. मुक्ता गेल्यावर मी बांबू काढायला वळले, तर पावावर मैना उतरल्या होत्या. चांगल्या चारपाच. टोचायला लागल्या. आणि मला काही कळायच्या आत माझा हात वर गेला, खांदा जेवढा जाईल तेवढा, आणि तोंडून निघालं, हाऽऽ! हाऽऽ! पुण्यातल्या सासरी जी कधी काढली नाही ती आरोळी. ब्लॉकच्या खिडक्यांमधून माणसं डोकावली. अंकल दचकला. मैना उडाल्या, एक मात्र पावाचा तुकडा घेऊन गेली. मी मान खाली घातली, सवयीनं. मग वाटलं, आता कुणासाठी आवरून घ्यायचं? पुन्हा ओरडले.

तर रविवारी ये हं. मुक्ता येणार आहे, पाव मी आणते. तिचं मनगट अजून सैल आहे, तू बघ जरा. शनिवारचं माझं उत्तरही ऐकायचंय तुला, ते मी ठेवलंय. फार दिवस लावू नकोस, लवकर ये. आणि येताना खाऊन येऊ नकोस.